केमोच्या आधीचे दोन आठवडे : कॅन्सर झालेल्या तरुणीची स्त्रीबीजं कशी जपून ठेवतात?

कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो तो जीव वाचेल का, आणि दुसरा येतो पैशांचा. 'बरी झाल्यावर हिला मूल होईल का?' हा प्रश्न खूप मागे राहतो. कधी लाजेपोटी, कधी भीतीपोटी, तर कधी असं काही विचारता येतं हेच माहीत नसल्यामुळे. तो विचारला जातो तेव्हा बहुतेक वेळा केमोचे दोन-तीन डोस होऊन गेलेले असतात.

या प्रश्नाला उत्तर आहे. अनेक तरुणींच्या बाबतीत उपचार सुरू होण्याआधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. पण हे दोन आठवडे केमोच्या आधीचे असावे लागतात.

बीड तालुक्यातलं कपिलधार संत मन्मथ स्वामींच्या समाधीमुळे आणि धबधब्यामुळे ओळखलं जातं. बालाघाटच्या डोंगरातल्या या ठिकाणी कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाडाभरातून भाविक येतात. याच सुमारास जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयता घेऊन कारखान्यांकडे निघालेल्या असतात. अशा भागातल्या पंचविशीतल्या मुलीला स्तनाच्या गाठीचा किंवा लिम्फोमाचा रिपोर्ट मिळाला, तर तिच्यासमोर कोणते पर्याय असतात? ते कुठे मिळतात? आणि कायदा काय सांगतो?

थोडक्यात काय?

- केमो आणि ओटीपोटावरच्या रेडिएशनमुळे अंडाशयातला बीजांचा साठा कमी होऊ शकतो, काही वेळा संपूही शकतो.
- उपचाराआधी स्त्रीबीजं, भ्रूण किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवता येतो.
- स्त्रीबीजं गोठवण्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट नाही.
- प्रत्येक रुग्णाला हे शक्य असतंच असं नाही. निर्णय कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा लागतो.

केमोमुळे अंडाशयाचं नेमकं काय होतं?

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत तयार होत राहतात. स्त्रीचं तसं नसतं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत सुमारे दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढे वयासोबत हा साठा घटत जातो. नवी भर पडत नाही.

केमोची औषधं वेगानं वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. काही औषधं पेशीच्या डीएनएलाच धक्का लावतात आणि त्यात अंडाशयातली झोपलेली बीजंही सापडतात. सगळी औषधं मात्र सारखी घातक नसतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दिलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड अंडाशयाला जास्त इजा करणाऱ्या गटात मोडतं. हॉजकिन लिम्फोमात वापरल्या जाणाऱ्या काही औषधांचा धोका त्या मानानं कमी असतो. एकूण डोस किती आणि रुग्णाचं वय किती यावरही बरंच ठरतं. त्याच औषधाचे तेवढेच डोस घेतले तरी बावीस वर्षांच्या मुलीच्या अंडाशयात उपचारानंतर साठा उरण्याची शक्यता अडतीस वर्षांच्या बाईपेक्षा जास्त असते.

रेडिएशनचं, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'शेक' देण्याचं, गणित वेगळं आहे. शेक छातीवर असेल तर अंडाशयावर थेट परिणाम होत नाही. पण गर्भाशयाचं तोंड, गुदाशय अशा ओटीपोटातल्या कॅन्सरसाठी शेक दिला, तर अंडाशय आणि गर्भाशय दोन्हींना झळ बसते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. केमोदरम्यान पाळी थांबली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. तरुण मुलींची पाळी काही महिन्यांनी परत येऊ शकते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाळी परत आली म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं, असंही नाही. साठा घटलेला असेल तर पाळी चाळिशीच्या आधीच कायमची जाऊ शकते. त्यामुळे 'पाळी चालू आहे ना, मग काळजी नको' या उत्तरावर थांबू नये. अंडाशयातला साठा किती आहे याचा अंदाज एएमएच नावाच्या रक्तचाचणीतून आणि सोनोग्राफीतून येतो.

स्त्रीबीज गोठवतात म्हणजे काय करतात?

एरवी दर महिन्याला एकच बीज पक्व होतं. इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पक्व करायची, ती बाहेर काढायची आणि गोठवायची, असं हे सगळं काम आहे. त्याचे टप्पे असे :

१. तपासणी. एएमएच, सोनोग्राफी आणि इतर रक्तचाचण्या होतात. रुग्णाची तब्येत भूल आणि सुई सहन करू शकते का, हे पाहिलं जातं.

२. इंजेक्शनं. दहा-बारा दिवस रोज पोटाच्या त्वचेखाली हार्मोनची इंजेक्शनं दिली जातात. मधल्या काळात तीन-चार वेळा सोनोग्राफी होते.

३. शेवटचं इंजेक्शन. बीजं पुरेशी वाढली की ती पक्व करणारं एक इंजेक्शन दिलं जातं. त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढतात.

४. बीजं काढणं. थोडा वेळ भूल देतात आणि सोनोग्राफीत बघत योनीमार्गातून बारीक सुईनं बीजं ओढून घेतात. पोटावर चिरा नसतो, टाके नसतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

५. गोठवणं. बीजं अतिशय वेगानं थंड केली जातात, इतक्या वेगानं की आतल्या पाण्याचा बर्फ होत नाही, काचेसारखा घट्ट पदार्थ होतो. बर्फाचे स्फटिक झाले तर बीज फाटतं, म्हणून ही घाई. मग ती उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवली जातात.

अविवाहित मुलींच्या घरी इथे एक प्रश्न हमखास अडतो. योनीमार्गातून तपासणी म्हटलं की आई-वडील कचरतात. तपासणीची सोनोग्राफी पोटावरूनही करता येते. काही रुग्णांमध्ये बीजंही पोटावरून काढता येतात. मनात ही शंका असेल तर ती डॉक्टरांसमोर उघडपणे मांडावी. लाजेपोटी सगळी प्रक्रियाच नाकारण्याची गरज नाही.

हे तंत्र नवं आहे का?

फार नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी गोठवलेल्या स्त्रीबीजापासून गर्भधारणा यशस्वी झाल्याचं जगासमोर मांडलं. पण पुढची बरीच वर्षं गोठवलेली बीजं वितळवताना खराब होत. वेगानं गोठवण्याची पद्धत रुळली तसं चित्र बदललं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं स्त्रीबीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढून टाकला.

कॅन्सरतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेनं तर २००६ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मूल होण्याच्या वयातल्या रुग्णांशी या विषयावर उपचाराआधी बोललं पाहिजे, असा त्यांचा गाभा आहे. म्हणजे रुग्णानं विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी स्वतःहून सांगणं अपेक्षित आहे. गर्दीच्या ओपीडीत ते दर वेळी होतंच असं नाही. म्हणून नातेवाइकांनी विचारणं महत्त्वाचं ठरतं.

उपचाराला उशीर होऊन कॅन्सर वाढणार नाही का?

ही सर्वात मोठी आणि रास्त भीती आहे. याचं उत्तर कॅन्सर कोणता आणि कितव्या टप्प्यावर, यावर अवलंबून आहे.

पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत थांबून मगच इंजेक्शनं सुरू करत. त्यात कधीकधी महिना जायचा. आता पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनपासून बीजं काढेपर्यंतचं काम साधारण दोन आठवड्यांत होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच रुग्णांची आधी शस्त्रक्रिया होते आणि जखम भरल्यावर केमो सुरू होतो. हा मधला काळ त्यासाठी वापरता येतो. रिपोर्टची वाट पाहण्यात, योजनेची कागदपत्रं जमवण्यात जाणारे दिवसही असतात. प्रजननतज्ज्ञांची भेट त्याच दिवसांत झाली तर वेगळा उशीर होत नाही.

दुसरी शंका हार्मोनची. काही स्तनकर्करोग इस्ट्रोजेनवर पोसले जातात. मग हार्मोनची इंजेक्शनं कशी चालतील? अशा रुग्णांना सोबत लेट्रोझोल नावाची गोळी देतात. ती इस्ट्रोजेन फार चढू देत नाही.

काही आजारांत मात्र थांबणं परवडत नाही. तीव्र रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधीकधी निदानानंतर एक-दोन दिवसांत उपचार सुरू करावे लागतात. प्लेटलेट कमी असताना सुई टोचणंही धोक्याचं असतं. अशा वेळी डॉक्टर 'नाही' म्हणाले तर त्यामागे जीव वाचवण्याचा विचार असतो, हे समजून घ्यायला हवं.

गोठवलेलं बीज म्हणजे हमखास मूल का?

नाही. हे आधीच स्पष्ट कळलेलं बरं.

समजा दहा बीजं गोठवली. वितळवताना त्यातली काही खराब होतात. उरलेल्यांपैकी काहींचाच शुक्राणूशी संयोग होऊन भ्रूण बनतो. त्यातले काही भ्रूण मध्येच वाढायचे थांबतात. गर्भाशयात ठेवलेला प्रत्येक भ्रूण रुजत नाही. म्हणून बीजांची संख्या महत्त्वाची असते. आणि संख्येहून महत्त्वाचं असतं गोठवतानाचं वय. पस्तिशीच्या आत गोठवलेल्या बीजांपासून मूल होण्याची शक्यता नंतर गोठवलेल्यांपेक्षा चांगली असते. कॅन्सरच्या रुग्णाकडे बहुधा एकाच फेरीपुरता वेळ असतो, त्यामुळे हाती येणाऱ्या बीजांवरच भागवावं लागतं.

थोडक्यात, हा विमा नाही, एक राखून ठेवलेली संधी आहे. अनेक जणींना पुढे ती वापरावीही लागत नाही, कारण उपचारानंतर त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जातात.

बीजं गोठवता आली नाहीत, तर आणखी काय?

*भ्रूण गोठवणं.* विवाहित रुग्णाच्या बाबतीत पतीच्या शुक्राणूशी संयोग करून भ्रूण गोठवता येतात. हा जुना आणि चांगला रुळलेला मार्ग आहे. पण भ्रूणावर दोघांचाही हक्क असतो. पुढे नातं तुटलं तर गुंता होतो. म्हणून काही विवाहित स्त्रियाही काही बीजं स्वतंत्र गोठवणं पसंत करतात.

*अंडाशयाचा तुकडा गोठवणं.* दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं अंडाशयाचा भाग काढून गोठवतात आणि बरं झाल्यावर परत बसवतात. इंजेक्शनांसाठी थांबावं लागत नाही. पाळी न आलेल्या लहान मुलींसाठी हाच मार्ग उरतो. या पद्धतीनं पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. त्या आईला पूर्वी हॉजकिन लिम्फोमा झाला होता. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या तुकड्यातूनच कॅन्सरच्या पेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो. भारतात ही सोय मोजक्या केंद्रांत आहे.

*अंडाशय हलवणं.* ओटीपोटावर शेक द्यायचा असेल तर शस्त्रक्रियेनं अंडाशय शेकाच्या टप्प्याबाहेर, वरच्या बाजूला सरकवून ठेवतात.

*अंडाशयाला झोपवणारं इंजेक्शन.* केमो चालू असताना महिन्याला एक इंजेक्शन देऊन अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, हार्मोनवर न पोसणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांमध्ये, हे इंजेक्शन घेतलेल्या ८ टक्के स्त्रियांचं अंडाशय निकामी झालं. न घेतलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. हे इंजेक्शन बीजं गोठवण्याची जागा घेत नाही. पण गोठवणं शक्यच नसेल तेव्हा किंवा त्याच्या जोडीला ते उपयोगी पडतं.

*तरुण मुलांसाठी.* मुलांचं काम सर्वात सोपं आहे. वीर्याचा नमुना देऊन तो गोठवायला एक-दोन दिवस पुरतात. तरीही लग्न न झालेल्या मुलाला हे सांगायला घरचे लाजतात आणि संधी जाते.

कपिलधारच्या परिसरातून जायचं कुठे?

कॅन्सरच्या उपचारासाठी या भागातल्या लोकांच्या वाटा ठरलेल्या आहेत. उत्तरेला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. आणि त्यापुढे पुणे किंवा मुंबईचं टाटा मेमोरियल. जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

बार्शीचं नाव कॅन्सरच्या अभ्यासात देशभर घेतलं जातं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. आज धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांचीही नोंदणी होते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात या जोड-जिल्ह्यातलं स्त्रियांमधलं कॅन्सरचं प्रमाण एक लाखामागे ४९.४ होतं. देशातल्या २८ नोंदणी केंद्रांमध्ये ते सर्वात कमी. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण ज्या घरात कॅन्सर येतो त्या घराला आसपास अनुभव सांगणारं माणूसही त्यामुळे सहज सापडत नाही.

खरी अडचण अशी की कॅन्सरचं रुग्णालय आणि स्त्रीबीज गोठवणारं केंद्र एकाच छताखाली असतंच असं नाही. ही केंद्रं मोठ्या शहरांत आहेत आणि बहुतेक खासगी आहेत. इंजेक्शनं गावाजवळच्या दवाखान्यात घेता येतात, पण सोनोग्राफी आणि बीजं काढण्यासाठी शहरात जावंच लागतं. म्हणजे दोन आठवडे शहरात राहण्याची किंवा वारंवार एसटीनं ये-जा करण्याची तयारी ठेवावी लागते. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाचा पत्ता अशा वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीइतकाच कामी येतो.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचे उपचार मिळतात. स्त्रीबीज गोठवणं त्यात धरून चालू नये. योजनेच्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राकडून काय मिळतं आणि काय नाही, हे विचारून घ्यावं. खासगी केंद्रांत एका फेरीचा खर्च लाखांत मोजावा लागतो. त्यात इंजेक्शनांचा वाटा मोठा असतो. शिवाय बीजं ठेवण्याचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. कॅन्सरच्या रुग्णांना काही केंद्रं सवलत देतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागावी. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर, ट्रस्टकडून मदत मिळवून देण्याचं काम करतात. आधी त्यांना भेटावं.

ऊसतोडीची उचल घेऊन हंगाम काढणाऱ्या घराला हा खर्च परवडणारा नाही, हे उघड आहे. पण 'परवडत नाही' हा निर्णय त्या घराला स्वतः घेता आला पाहिजे. पर्यायच न सांगता तो परस्पर घेतला जाणं, ही वेगळी गोष्ट आहे.

बीडमध्ये हा विषय वेगळा का आहे?

कारण या जिल्ह्यानं कॅन्सरच्या नुसत्या भीतीची किंमत मोजलेली आहे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांनी सांगितलं की 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल', अशी भीती त्यांना घातली गेली. त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

या पार्श्वभूमीवर दोन गोष्टी स्पष्ट असायला हव्यात.

पहिली, पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो आणि औषधानं बरा होतो. कॅन्सर आहे की नाही हे तपासणीनं आणि तुकड्याच्या रिपोर्टनं, म्हणजे बायोप्सीनं ठरतं. केवळ सोनोग्राफीवर किंवा तोंडी सांगण्यावर गर्भाशय काढायला होकार देऊ नये. रिपोर्ट हातात घ्यावा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर उपचारही लहान असतो. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले, असं त्यात दिसलं. कॅन्सर होण्याआधीच्या टप्प्यावर बदल सापडले तर तेवढाच भाग काढता येतो. अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही निवडक तरुण रुग्णांचं गर्भाशय वाचवून फक्त त्याचं तोंड काढण्याची शस्त्रक्रिया होते. त्यामुळे मूल होण्याची शक्यता जपण्याची पहिली पायरी गोठवणं नसून वेळेवरची तपासणी आहे.

गर्भाशय काढावंच लागलं, तर गोठवलेली बीजं उपयोगी पडतात का?

बीजं अंडाशयात असतात, मूल गर्भाशयात वाढतं. गर्भाशय काढलेलं असेल तर स्वतःच्या बीजापासून मूल होण्यासाठी सरोगसीचाच मार्ग उरतो. २०२१ च्या सरोगसी कायद्यानं पैसे देऊन सरोगसी करण्यावर बंदी घातली आहे. वैद्यकीय कारण असलेल्या विवाहित जोडप्याला, तसंच ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला ती करता येते. कधीच लग्न न केलेल्या स्त्रीला या कायद्याखाली परवानगी नाही. ओटीपोटाच्या कॅन्सरमध्ये बीजं गोठवण्याआधी हे गणित माहीत असायला हवं.

कायदा आणि फॉर्म : सही करण्याआधी

ही केंद्रं २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली येतात. हा कायदा जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. केंद्राची त्याखाली नोंदणी असणं बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये. सेवा घेणाऱ्या स्त्रीचं वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी असावं लागतं. लग्नाची अट नाही. मुलगी २१ पेक्षा लहान असेल तर पुढे काय करता येईल, हे केंद्राकडून आणि कॅन्सरतज्ज्ञांकडून आधीच स्पष्ट करून घ्यावं. दात्याची बीजं आणि भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवण्याची मर्यादा कायद्यात आहे. स्वतःसाठी ठेवलेली बीजं किती काळ राहतील आणि मुदत कशी वाढेल, हे केंद्राकडून लेखी घ्यावं.

आणि संमतीचा फॉर्म वाचावा. त्यात एक रकाना असतो : रुग्णाचा मृत्यू झाला तर नमुन्याचं काय करायचं? घाबरलेल्या अवस्थेत तिथे काहीही टिकमार्क केला जातो. २०२५ मध्ये असाच एक वाद मुंबई उच्च न्यायालयात आला. केमोआधी वीर्य गोठवलेल्या अविवाहित तरुणाचा मृत्यू झाला होता. मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा, असं फॉर्मवर नोंदलेलं होतं. मुलानं घरच्यांशी न बोलता हा पर्याय निवडला, असं सांगत आईनं नमुना मागितला. अंतिम निर्णय होईपर्यंत नमुना जपून ठेवा, असा आदेश न्यायालयानं केंद्राला दिला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, जिथे मृत्यूनंतरच्या वापराविरुद्ध मुलाची काही इच्छा नोंदलेली नव्हती, नमुना आई-वडिलांना देण्याचा आदेश दिला होता. दोन्ही प्रकरणांत प्रश्न एका रकान्याभोवती फिरत होता. तो भरण्याआधी घरच्यांशी बोलणं शक्य असेल तर बोलावं, पण निर्णय रुग्णाचाच असावा.

बरं झाल्यावर दिवस गेले तर कॅन्सर परत येतो का?

ही भीती घराघरांत आहे. त्यापायी कॅन्सरमधून बरी झालेली मुलगी लग्नाच्या बाजारात 'नको' ठरते. आजवरच्या अभ्यासांतून मात्र गरोदरपणामुळे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हार्मोनवर पोसणाऱ्या स्तनकर्करोगाच्या ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षांच्या गोळ्यांनंतर मूल होण्यासाठी उपचार तात्पुरते थांबवले. तीन वर्षांत त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं. उपचार न थांबवलेल्या तशाच रुग्णांमध्ये ते ९.२ टक्के होतं. पाठपुरावा झालेल्या ४९७ जणींपैकी ३१७ जणी आई झाल्या. २०२३ च्या त्या निष्कर्षांत याहून लांबचा काळ आलेला नव्हता. त्यामुळे गोळ्या कधी थांबवायच्या हे स्वतः ठरवू नये.

केमो चालू असताना किंवा टॅमॉक्सिफेनसारखी गोळी सुरू असताना दिवस जाणं बाळासाठी धोक्याचं असतं. म्हणून त्या काळात गर्भनिरोधक वापरणं गरजेचं आहे. हार्मोनच्या गोळ्या नव्हे, तर कॉन्डोम किंवा तांबी. कोणतं योग्य ते डॉक्टरांना विचारावं.

पहिल्याच भेटीत विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न फोनमध्ये सेव्ह करून ठेवता येतील, किंवा ज्या घराला गरज आहे तिथे पाठवता येतील :

१. या उपचारामुळे मूल होण्यावर परिणाम होईल का? धोका किती?

२. केमो किंवा शेक सुरू होण्याआधी आमच्या हातात किती दिवस आहेत?

३. या आजारात स्त्रीबीजं गोठवणं सुरक्षित आहे का? नसेल तर दुसरा मार्ग कोणता?

४. प्रजननतज्ज्ञांसाठी आजच चिठ्ठी मिळेल का?

५. सगळा मिळून खर्च किती, दरवर्षीचं भाडं किती आणि मदत कुठून मिळेल?

६. उपचारानंतर किती काळानं मूल होऊ देणं योग्य ठरेल?

या प्रश्नांची उत्तरं काही वेळा 'नाही' अशीच येतील. जीव वाचवण्यासाठी ती स्वीकारावी लागतील. पण प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं आणि मग निर्णय झाला, तर पुढच्या आयुष्यात 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणण्याची वेळ येत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर पहिल्या भेटीतच, केमोची तारीख पडण्याआधी, हे प्रश्न विचारायला हवेत.